खांद्यावरची चार बोटं

हेन्डरसन, ऑकलंड
रविवार, २० जुलै २०२५

प्रिय जुईताई,

पाकिटावर मुद्दाम मोहनभाऊजींचं नाव घातलं आहे, म्हणजे निदान ते फोडलं तरी जाईल. दर डिसेंबरात त्यांचं कार्ड येतं. त्यात दोनच ओळी असतात, आम्ही सगळे ठीक, जुई बरी आहे. त्या दुसऱ्या ओळीवर मी वर्ष काढते. तुझ्या अक्षरात मात्र चौतीस वर्षांत एक शब्द आलेला नाही, आणि बाबा गेले तेव्हाही फोन भाऊजींनीच उचलला. मला तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे. ती वाचून तू माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंस तर ते मला सोसावं लागेल. पण तू शेवटपर्यंत वाच. लहानपणी माझ्या रडक्या कविता शेवटपर्यंत ऐकायचीस, तसं वाच.

आधी घरचं सांगते. आई आता ब्याऐंशीची आहे. बाबा गेल्यावर मी तिला इकडे आणलं, त्याला सहा वर्षं होतील. तिचं सोवळंओवळं पुष्कळ सुटलं, पण उष्ट्याचं वेड तसंच आहे. तांब्यातलं पाणी अजून वरून पिते, थेंब सांडत नाही. स्वयंपाक करताना चव बघत नाही आणि तरी मीठ कधी चुकत नाही. मला हे बावन्नाव्या वर्षीही जमलेलं नाही. माझा नवरा प्रसाद दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरशी मीटिंग करतो. आमची अनुष्का सोळाची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आजी मराठीत रागावते, नात इंग्रजीत उलट बोलते, आणि दोघींचं भांडण कुठेही न अडखळता पार पडतं. दुपारी आईला घरी एकटीला ठेवायला नको म्हणून मी तिला माझ्याबरोबर स्टुडिओत नेते. स्टुडिओ म्हणजे हेन्डरसनच्या दुकानांमागचा एक गाळा, जिथे मी जुनी चित्रं दुरुस्त करते.

गंमत बघ. भाऊजी आयुष्यभर मिरजेच्या दवाखान्यात माणसांचे एक्स-रे काढत राहिले, आणि मी इथे चित्रांचे काढून घेते. वरच्या रंगाखाली काय आहे, लाकडात भेग किती खोल आहे, हे त्यात दिसतं. हाड मोडलंय का, हे बघावं तसंच.

या फेब्रुवारीत ऑकलंडच्याच ओटाहुहू भागातल्या एका लहानशा चर्चचं चित्र माझ्याकडे आलं. पाचशे वर्षांपूर्वी नेदरलँड्सच्या बाजूला अशी चित्रं ओकच्या फळ्यांवर काढत. मधे एक फळी, दोन्ही बाजूंना कपाटाच्या दारांसारख्या दोन, बिजागऱ्यांवर मिटणाऱ्या. एरवी दारं बंद ठेवायची, सणाच्या दिवशी उघडायची. आईला हे लगेच कळलं. म्हणाली, देव्हाराच की मग. मधल्या फळीवर मेरी, मांडीवर बाळ. डावीकडच्या दारावर चित्र करवून घेणारा गृहस्थ आणि त्याचे मुलगे, उजवीकडच्या दारावर त्याची बायको आणि मुली, सगळे गुडघे टेकून हात जोडलेले. मेरीचं निळं वस्त्र तर असं आहे की आईने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघितलं. अशा निळ्याची चंद्रकळा तिच्या आईकडे होती म्हणे. चित्रकाराचं नाव कुणाला माहीत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी ते बोटीतून इथे आणलं, आणि या दमट हवेत फळ्या फुगल्या, रंग उचकटले, वर मेणबत्त्यांचा धूर बसला.

धूर आणि मळ काढायचा आमचा पहिला उपाय ऐकून हसशील. थुंकी! खरंच. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि चित्रावर हलकेच फिरवायचा. थुंकीत मळ सोडवायचा गुण असतो आणि ती पाण्यासारखी पसरत नाही. मोठमोठ्या संग्रहालयांत हेच करतात. आईने मला पहिल्यांदा तसं करताना पाहिलं आणि ती खुर्चीतून उठलीच. देवाच्या आईच्या तोंडाला उष्टं लावतेस, म्हणाली, त्यांचा देव असला म्हणून काय झालं? अनुष्का तिथेच होती. “आजी, इट्स सायन्स!” म्हणाली, आणि मग हळूच मला, “स्टिल सो ग्रॉस, मम.” चार दिवस आई माझ्याकडे पाठ करून जपमाळ ओढत बसली. पाचव्या दिवशी खुर्ची वळवून घेतली, कारण उत्सुकता तिच्या सोवळ्याहून मोठी आहे, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

तेव्हा तिने मला विचारलं की या मुलींपैकी दोघींच्या डोक्यावर तांबडं काय आहे. चित्रात त्या बायकोमागे पाच मुली ओळीने बसल्या आहेत, आणि त्यातल्या दोघींच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढा तांबडा क्रूस आहे. मी सांगितलं, त्या वारलेल्या. तिकडे ती पद्धत होती. घरातली जी मुलं गेली, त्यांनाही ओळीत बसवत, वर क्रूस काढत, आणि जिवंत भावंडांबरोबर तीही हात जोडून बसत. आईने पुन्हा विचारलं, मेलेल्यांनाही ओळीतून काढून टाकत नाहीत? मी म्हटलं, नाही, मुली पाच झाल्या तर पाचच मोजायच्या. तिची माळ मांडीवर पडून राहिली आणि त्या दिवशी आम्ही लवकर घरी गेलो.

त्याच दारावर, पाचव्या मुलीच्या मागे, एक हिरवट काळा पडदा आहे. पडद्याच्या पायथ्याशी पांढरं कुत्रं बसलं आहे आणि मान वर करून टक लावून बघतं आहे. कुणाकडे? पडद्याकडे. ताई, इतकी वर्षं मी चित्रं बघते आहे, कुत्रं उगाच पडद्याकडे बघत नाही. मी एक्स-रे काढून घेतला. पडद्याखाली सहावी मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची, पांढऱ्या टोपीची, खाली बघणारी. कुत्रं तिचं होतं. चित्र पूर्ण झाल्यावर काही वर्षांनी कुणी तरी तिच्यावर पडदा रंगवला, आणि कुत्र्याची मान वळवायची विसरला. एक्स-रे भिंगाखाली धरून मी तिच्या डोक्यावर क्रूस शोधला. नव्हता. म्हणजे ती मेलेली नव्हती. मेलेल्या दोघी ओळीत होत्या, आणि जी जिवंत होती तिला पुसून टाकलं होतं.

तिने काय केलं होतं, कुणी तिला झाकायला सांगितलं, हे कधीच कळणार नाही. मी अंदाजही करणार नाही. पण तो पडदा काढायचा, हे मी त्या दुपारी ठरवलं. आमच्या धंद्यात हे सोपं नसतं. जुना पडदा हाही चित्राचा इतिहास धरतात, त्याला हात लावायला मालकाची परवानगी लागते. चर्चच्या हॉलमध्ये कमिटी बसली. दोघा-तिघांचं म्हणणं, आहे तसं राहू द्या, पडद्याची सवय झाली आहे. मी उभी राहून बोलले. तू मला ओळखतेस, चारचौघांत मी तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी मी वीस मिनिटं बोलले. दारात आलेल्या मुलीला परत पाठवतात तसं हे आहे, असंही म्हणून गेले, आणि माझा आवाज का चिरला ते तिथे कुणालाच कळलं नाही. कमिटीच्या अध्यक्षा सेलाबाई, टोंगा बेटांकडच्या सत्तरीच्या आजी, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “शी वॉज देअर फर्स्ट, वॉझन्ट शी? टेक इट ऑफ, डिअर.” विषय संपला.

सूक्ष्मदर्शकाखाली, पात्याने आणि औषधाने, दिवसाला नखाएवढा पडदा निघायचा. अकरा आठवडे लागले. आई रोज विचारायची, आज कुठवर आली? आज कोपरापर्यंत. आज गळ्यापर्यंत. चेहरा निघाला त्या दिवशी आईने घरून गुळाचा सांजा करून आणला, कुणासाठी ते सांगितलं नाही. मी आणि अनुष्काने खाल्ला. अनुष्काला ते कुत्रं फार आवडलं. ते एकटंच खरं बोलत होतं, असं ती इंग्रजीत म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात ती आजीच्या खोलीत गेली, भिंतीवरच्या आपल्या घरच्या फोटोसमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, “आजी, हूज हँड इज दॅट?”

कोणता फोटो, ते तुला सांगायला नको. शहाऐंशीच्या दिवाळीत कराडच्या स्टुडिओत काढलेला. बाबा आणि आई खुर्च्यांवर, पुढे चौकडीच्या फ्रॉकमधली तेरा वर्षांची मी, माझ्यामागे, अगदी कडेला, तू. ब्लॅक अँड व्हाइट, मोठा करून फ्रेम केलेला. अनुष्काने तो आजी इकडे आल्यापासून रोज बघितला होता, तीन माणसांचा. त्या दिवशी तिला माझ्या खांद्यावर चार बोटं दिसली. आई म्हणाली, तुझ्या मावशीचा हात. “आय हॅव अ मावशी?” असं ओरडत पोरगी स्वयंपाकघरात आली तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच पिठाचे ठेवून मी खाली बसले. सोळा वर्षं मी माझ्या मुलीला तुझं नाव सांगितलं नव्हतं. याला मी काय म्हणू? भित्रेपणाच म्हणते.

आता ऐक. तू बाबांच्या मर्जीविरुद्ध भाऊजींशी लग्न केलंस त्या सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बाबांनी तुझे सगळे फोटो फाडले. हा एकच उरला, कारण यात ते स्वतः होते आणि आई होती. त्यांनी तो फ्रेममधून काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, तुझं ड्रॉइंग चांगलं आहे, हिच्यावर पडदा ओढ. ताई, तुला वाटलं असेल की त्यांनी स्टुडिओतून ते करवून घेतलं. नाही. ते मी केलं. चौदा वर्षांच्या मी, माझ्या पोस्टर कलरच्या बाटल्यांनी, काळा आणि पांढरा मिसळून, मागच्या पडद्याच्या चुण्या तुझ्यावरून ओढत नेल्या. चकचकीत कागदावर रंग धरेना म्हणून टाचणीने तुझी हनुवटी खरवडली. ब्रश धुवायला आईने वाटीत पाणी आणून दिलं आणि ती माजघरात गेली. मी रडत होते असं लिहावंसं वाटतं, पण मी रडत नव्हते. चुण्या हुबेहूब साधल्या याचा मला आनंद झाला होता. बाबांनी माझी पाठ थोपटली. त्यांनी आयुष्यात दोनदा थोपटली, त्यातली ती एक. आणि बोटं मी मुद्दाम ठेवली असंही सांगणार नाही. ती फ्रॉकच्या चौकडीवर होती, चौकडी मला जमेना, म्हणून राहिली.

एक्याण्णवमध्ये तू आलीस. बाबा ऑफिसला गेल्याची वेळ बघून, दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन. आई हरखून चहा टाकायला आत गेली. मी आर्ट स्कूलच्या सुट्टीत घरी होते, आतल्या दाराआड होते. तू फोटोसमोर गेलीस आणि मी तुला बघताना बघितलं. पुढे होऊन म्हणायला हवं होतं की ताई, हे माझे हात आहेत, मला मार. मी जागची हलले नाही. तू मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलंस, चपला घातल्यास आणि गेलीस. आई दोन कप आणि पोरीसाठी दुधाची वाटी घेऊन बाहेर आली तेव्हा दार नुसतंच उघडं होतं. ती वाटी तिने कुणाला पिऊ दिली नाही.

तर गेल्या महिन्यात मी तो फोटो भिंतीवरून काढला, स्टुडिओत नेला आणि आईच्या समोर सांगितलं की हा पडदाही निघणार. विचारलं नाही, सांगितलं. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, पण फोटोचा कागद पाण्याने फुगतो. म्हणून इथेही थुंकीच, जेमतेम ओला कापूस, एका वेळी ज्वारीच्या दाण्याएवढी जागा. चार रविवार दुपारी मी तेच केलं. आधी तुझी चप्पल आली, मग साडीचे काठ. ती आईची इरकल होती, मी विसरले होते. मग मनगट, आणि मनगटापासून माझ्या खांद्यापर्यंतचा हात. अनुष्का शेजारी बसून काड्यांना कापूस गुंडाळून देत होती आणि तुझ्याबद्दल विचारत होती, आणि मी पहिल्यांदा सगळं सांगत होते, मराठीत. ती उत्तरंही अधूनमधून मराठीत देऊ लागली आहे. चेहरा मी शेवटी ठेवला होता. खरं सांगायचं तर माझा हात होत नव्हता.

आज दुपारी मी काडी हातात घेऊन नुसतीच बसले होते. आई खुर्चीतून उठली, माझ्याजवळ आली आणि हात पुढे केला. मला वाटलं, पाणी हवं आहे. तर तिने माझ्या हातातली काडी घेतली, आणि जिने उभ्या जन्मात तांब्याला ओठ लावला नाही, तिने तो कापूस जिभेवर ठेवला. तेव्हा तुझ्या ब्रशला मीच वाटीभर पाणी आणून दिलं होतं, आई म्हणाली, आता हे. मग वाकून, डावा हात टेबलावर टेकून, तुझं कपाळ पुसलं. मग डोळे. मग गाल. मी म्हटलं, आई, हळू, आणि तिने मला गप्प केलं. शाळेत जाताना पदराचं टोक ओलं करून तुझं तोंड पुसायची, तू मान हलवायचीस आणि ती हनुवटी धरायची, अगदी तसं पुसत होती ताई, आणि पुसताना तोंडाने म्हणत होती, हलू नकोस, हलू नकोस. तासाभराने तू पूर्ण आलीस. हनुवटीवर माझ्या टाचणीचे ओरखडे आहेत. ते मला बुजवता येतात, तेच माझं काम आहे, पण मी ते बुजवणार नाही. तू स्वतः बघ आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

हे पत्र यासाठी की आम्ही येतो आहोत. तिकिटं काढली आहेत. आई, मी आणि अनुष्का, शनिवारी २० सप्टेंबरला सकाळी मिरजेत पोहोचू. घटस्थापनेच्या आत लेकीच्या घरी जायचं, हे आईनेच ठरवलं आहे. डॉक्टर, प्रसाद आणि मी यांनी एवढ्या लांबच्या प्रवासाला नको नको म्हटलेलं तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फोटो ती बॅगेत देणार नाही, हातात घेऊन विमानात बसणार आहे. तू दार उघडलं नाहीस तर आम्ही पायरीवर बसू. दुसऱ्या दिवशीही येऊ, तिसऱ्या दिवशीही. परतीचं तिकीट महिन्याभरानंतरचं आहे. आणि दार उघडलंस तर आईचा एक निरोप आहे, तिने सांगितला तसाच लिहिते: जुईला म्हणावं चहा तू कर, तो अर्धा पी आणि त्याच कपातला उरलेला मला दे.

जिच्या खांद्यावर तुझा हात आहे, ती तुझीच
स्नेहलता